विहिरीजवळची चौथी मोजणी

इतक्या वर्षांच्या नोकरीत हाताखालून गेलेली प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, हेही पुष्कळदा आठवत नाही. ही एक घटना मात्र कालपरवा घडल्यासारखी आठवते, कारण तिच्यात सगळ्यात मोठी चूक माझी होती. खून नाही, दरोडा नाही. एका विधवा बाईच्या शेताची हद्द मोजायची होती आणि ती मोजणी तीन वेळा बंद पडली, एवढंच प्रकरण.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वेल्ह्याकडच्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे आला. कागदावर तालुक्याचं नाव आता बदललं आहे, पण एस.टी.त बसणारा माणूस अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतो. ठाणं लहान. एक जीप, एक कंट्रोल रूमची आपत्कालीन गाडी आणि मोजून मापून माणसं. शनिवार-रविवारी पानशेतच्या पाण्यात उतरलेल्या पुण्याच्या हौशी लोकांना बाहेर काढायचं, गडावर वाट चुकलेल्यांना शोधायचं आणि उन्हाळा लागला की मोजणीचे बंदोबस्त करायचे. भांडणाची जमीन असली की मोजणी खात्याचा माणूस पोलीस मागून घेतो. घेतलेलं बरं. मी माझ्या डोळ्यांनी टेपवर आडवी झोपलेली म्हातारी पाहिली आहे आणि तिला उठवायला गेलेल्या मोजणीदाराचा सदरा फाटलेलाही पाहिला आहे.

ही बाई राजगडाच्या पायथ्याच्या एका गावातली. वय चाळिशीच्या आत. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला. दोन मुली शाळेत. भाताची तीन खाचरं, दोन म्हशी आणि खाचरांच्या वरच्या अंगाला एक विहीर. त्या विहिरीवरच तिचा संसार चालायचा. उन्हाळ्यात भाजीपाला, म्हशींचं पाणी आणि पाऊस लांबला तर भाताची रोपं जगवायची तीही त्याच पाण्यावर. विहिरीला लागून शेजाऱ्यांचं रान. शेजारी सत्तरीचे, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांना दोन कर्ते मुलगे.

नवरा होता तोवर विहीर कुणाच्या हद्दीत आहे हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. तो गेल्यावर वर्षभरात आबांचा थोरला मुलगा चारचौघांत म्हणाला, "हीर आमच्या रानात हाय. तुमचा पंप उचला." दुसऱ्या दिवशी बाईच्या पंपाची वायर तुटलेली सापडली. तिसऱ्या दिवशी ती जोडलेली होती. कुणी जोडली, कुणाला ठाऊक नाही. बाई घाबरली आणि तिने हद्दीच्या मोजणीचा अर्ज केला. विहीर तिच्या हद्दीत आली तर घर उभं राहणार, नाहीतर मुलींना घेऊन माहेरची वाट धरायची, असा सरळ मामला होता.

मोजणी आता पूर्वीसारखी साखळी ओढून होत नाही. काठीच्या टोकाला पांढऱ्या टोपीसारखं एक यंत्र असतं. ते आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडतं आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते बोटभराच्या फरकाने सांगतं. लोक त्याला नुसतं मशीन म्हणतात. त्या शिवारातले जुने हद्दीचे दगड रस्त्याच्या रुंदीकरणात नाहीसे झाले होते, त्यामुळे मशीनशिवाय दुसरा इलाज नव्हता.

पहिल्या तारखेला मशीन चालूच झालं नाही. दुसऱ्या तारखेला थोडा वेळ चाललं आणि मग जे रुसलं ते रुसलंच. आकडा स्थिर होईना, उपग्रह सापडेनात. आकाश तर धुतल्यासारखं निळं होतं. गावात बोलणं सुरू झालं की बांधावरच्या म्हसोबाला नारळ दिला नाही म्हणून असं होतंय. तिसऱ्या तारखेला नारळ फोडला, तरी मशीन बारानंतर पुन्हा बंद. मोजणीदार बिचारा सरळ माणूस, पण दोन्ही बाजूंनी त्याच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. त्याच्या वरिष्ठांनी सांगितलं की आणखी एक तारीख मिळेल, तीही फुकट गेली तर अर्ज निकाली काढू.

दुसऱ्या दिवशी बाई लेखी तक्रार घेऊन ठाण्यात आली. सोबत तिचा धाकटा भाऊ होता. हा भाऊ पुण्याहून पानशेतच्या हॉटेलांना पाव, बिस्किटं आणि थंड पेयं पोचवणाऱ्या पिकअपवर ड्रायव्हर. तिन्ही मोजण्यांना तो पाबे घाट ओलांडून आला होता, हे मला बंदोबस्तावरच्या माणसांकडून कळलं होतं. आमच्याकडे एक ठाम समजूत आहे की मोजणीला बाईमाणूस एकटं उभं राहिलं तर समोरचे पुरुष टेप आपल्या बाजूला ओढून नेतात. मशीन आलं तरी ही समजूत गेलेली नाही. म्हणून हा गडी बहिणीच्या मागे हाताची घडी घालून उभा राहायचा.

"सायेब," तो म्हणाला, "आमच्या आक्काला वाली न्हाई आसं वाटतंय त्यास्नी. मशीन मुद्दाम बंद पाडत्यात."

"कोण पाडतं?"

"आनि कोन? आबा. मोजणी व्हऊ देनार न्हाई आसं पारावर बोललं हायेत ते."

बाई मात्र खाली मान घालून म्हणाली, "आबांनी मला लेकीवानी वागवलंय. पर आता कुनावर इस्वास ठिवावा कळंना झालंय."

आम्ही बोलत असतानाच कंट्रोल रूमचा फोन वाजला. तुमची आपत्कालीन गाडी नकाशावरून गायब आहे, कुठे आहे ती? मी खिडकीतून पाहिलं. गाडी फाटकात उभी, शेजारी भावाची पिकअप. "अहो, माझ्या नाकासमोर उभी आहे!" मी खेकसलो. "तुमचे नकाशे तुमच्यापाशी ठेवा." आणि फोन आपटला. कंट्रोल रूमशी असं बोलू नये हे मला कळतं, पण त्या दिवसांत माझा रक्तदाब आणि माझी जीभ दोन्ही वर चढलेली असायची.

गावच्या पोलीस पाटलानेही तीच खबर दिली की आबा मोजणीच्या विरोधात आहेत. मोजणीदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, प्रशिक्षणात ऐकलं होतं की उपग्रहाचा संदेश अडवणारी यंत्रं मिळतात. इथे या डोंगरात कोण आणणार म्हणून मी बोललो नाही." झालं! माझ्या डोक्यात चित्र तयार. विरोध आबांचा, विहीर हवी आबांच्या घराला, म्हणजे यंत्रही आबांच्याच घरात. मी जीप काढली आणि भर सकाळी गावातून आबांना घेऊन आलो. मागच्या बाकावर बसवून. पारावरची माणसं उठून उभी राहिली, बायका हंडे खाली ठेवून बघत होत्या. आबांनी जीपचा दांडा घट्ट धरला होता आणि नजर पायांकडे. थोरला मुलगा मोटारसायकलवर मागोमाग ठाण्यात आला आणि वडिलांच्या शेजारी बाकावर येऊन बसला. मी त्याला बस म्हणालो नाही, जा असंही म्हणालो नाही.

"आबा, मोजणी का नको तुम्हाला?"

"नको."

"अहो, पण कारण?"

"नको म्हंजी नको, सायेब. न मोजता इतकी वर्सं चाललं, चालू द्यावं."

"मशीन कशाने बंद पडतं?"

"मला काय ठावं? म्या कधी हातबी लावला न्हाई."

दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच. माणूस कारण सांगत नाही म्हणजे लपवतोय, हा पोलिसी हिशेब. लपवत होतेच ते, त्यात माझं चुकलं नाही. काय लपवत होते ते मात्र मला चौथ्या मोजणीपर्यंत कळलं नाही. दुपारी त्यांच्या शेतावरच्या खोपीची झडती घेतली. एक मशीन सापडलं आणि माझी छाती फुगली. मोजणीदाराला दाखवलं तर तो कसंबसं हसू दाबत म्हणाला, "साहेब, हे रानडुकरांसाठी कुंपणाला लावायचं झटका मशीन आहे. तालुक्यात घरटी एक असेल." हवालदार तोंड फिरवून उभे राहिले. मला इतकी लाज वाटली की त्या लाजेचा रागसुद्धा मी आबांवरच काढला आणि त्यांना दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "सायेब, ठाण्याची पायरी ह्या वयात पयल्यांदा चढलो." मी फाइलीत डोकं घालून बसलो.

वाट सापडली ती आमच्या हवालदार बाईंमुळे. तिन्ही मोजण्यांना त्या बंदोबस्ताला होत्या. बाईंना सगळं लिहून ठेवायची सवय. कोण कधी आलं, कोण कुणाला काय बोललं, ऊन किती होतं, सगळं. बाकीचे त्यांची थट्टा करायचे की बाई माशी उडाली तरी वेळ टाकतात. दोन दिवसांनी त्या वही घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"साहेब, रागावणार नसाल तर बोलते."

"बोला."

"चहा आला की मशीन बंद पडतंय."

मी आधी हसलो. मोजणीच्या दिवशी अर्ज करणाऱ्याने सगळ्यांना चहा-पोहे द्यायचे ही आमच्याकडची रीत. मोजणीदार, पोलीस, शेजारी, भांडणातला समोरचा पक्षसुद्धा तोच चहा पितो. बाईंनी वही पुढे केली. पहिल्या तारखेला चहा सुरुवातीलाच आला होता, मशीन चालूच झालं नाही. दुसऱ्या तारखेला चहा साडेअकराला, मशीन साडेअकराला गेलं. तिसऱ्या तारखेला चहाला उशीर झाला, बारा वाजून गेले, मशीनही बारानंतरच गेलं.

"चहा आणतं कोण?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच माझं हसू गेलं.

"भाऊ आणतो साहेब. बहिणीच्या घरून किटली गाडीत घालून. गाडी बांधावरच्या जांभळीखाली लावतो. आणि त्या दिवशी कंट्रोलचा फोन आला ना, आपली गाडी दिसत नाही म्हणून, तेव्हाही त्याची पिकअप फाटकात होती."

मी खुर्चीतून उठलोच. भावाला निरोप धाडला की तक्रारीवर सही राहिली आहे, येऊन जा. दुसऱ्या दिवशी तो आला, आपत्कालीन गाडीला लागूनच पिकअप लावली, आणि आत येऊन टेकतो न टेकतो तोच कंट्रोलचा फोन. "साहेब, रागावू नका, पण तुमची गाडी परत गायब आहे." मी या वेळी फार गोड आवाजात म्हणालो, "धन्यवाद. तुमचा नकाशा बरोबर आहे."

पंचांसमोर पिकअप तपासली. चावी अर्धी फिरवून ठेवलेली, म्हणजे इंजिन बंद पण वीज चालू, आणि सिगारेट पेटवायच्या खाचेत बोटभर लांबीची एक काळी डबी खोचलेली. तिच्यावर चिमुकला हिरवा दिवा. डबी काढली आणि मिनिटा-दोन मिनिटांत कंट्रोलचा निरोप आला की गाडी दिसू लागली.

भावाला समोर बसवलं. या वेळी दार लावून, एकट्याला. आवाज चढवायची गरजच पडली नाही.

"हे काय आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "सायेब, मालकानं गाडीत यंत्र बसवलंय. गाडी कुठं हाय, किती येळ थांबली, समदं त्याच्या मोबाईलवर दिसतंय. आक्काच्या मोजणीला सुट्टी मागितली. दोनदा मागितली. न्हाई म्हनला. पुन्यात एकानं ही डबी दिली, म्हनला लाव, गाडी दिसायची न्हाई. मालकाला सांगायचं, घाटात रेंज नव्हती. हिकडं रेंज नसतीच, त्याला खरंच वाटतंय."

"आणि शेतात गाडी लावल्यावरसुद्धा चालू का ठेवायची?"

"काढली की मालकाच्या मोबाईलवर टिंग वाजतंय. गाडी राजगडाच्या पायथ्याला दिसली तर गेली की माझी नोकरी."

मी त्याला सांगितलं की मोजणीचं मशीनही त्याच उपग्रहांवर चालतं. तो हळूच म्हणाला, "म्हंजी... आक्काच्या मोजणीला आडवा आलो तो म्याच व्हय?" आणि कपाळावर हात मारून घेतला. मोठा दांडगा गडी, पण लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. बहिणीच्या पाठीशी उभं राहण्यासाठी त्याने नोकरी पणाला लावली होती, आणि तो उभा राहिला म्हणूनच तिचं काम अडलं होतं.

पण पुढचंही त्याला सांगणं भाग होतं. पहिल्यांदा आमची गाडी नकाशावरून गेली त्याच वेळी पानशेत रस्त्यावर एक दुचाकीवाला घसरून पडला होता. जवळची गाडी आमची, पण ती दिसेना म्हणून कंट्रोलने लांबच्या ठाण्याची पाठवली. पाय मोडलेला माणूस तेवढा वेळ उन्हात रस्त्यावर पडून राहिला. हे ऐकल्यावर भाऊ रडायचा थांबला. "गुन्हा दाखल करा सायेब," तो म्हणाला. "म्या कबूल हाय."

बिनतारी विभागाच्या तंत्रज्ञाला डबी दाखवली. त्याने समजावून सांगितलं ते मी कायम लक्षात ठेवलं. उपग्रह इतक्या लांब की त्याचा आवाज जमिनीवर पोचेपर्यंत कुजबुज होऊन जातो. ही डबी त्या कुजबुजीशेजारी पत्र्याचा डबा बडवत बसते. एकाच्या मालकाला ऐकू येऊ नये म्हणून बडवलेला डबा सगळ्या शिवाराचे कान बंद करतो. ॲम्ब्युलन्स, विमान, जहाज तर आलेच, पण मोबाईलचे टॉवर आणि वीज खात्याची यंत्रंसुद्धा आपली घड्याळं याच उपग्रहांवर लावतात. मी तोवर समजत होतो की उपग्रह फक्त रस्ता दाखवतात. वेळही तेच दाखवतात हे मला त्या वयात कळलं.

अशी डबी जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. तो दाखल केला, डबी जप्त केली, विकणाऱ्याचाही माग काढला. कायदा आपल्या जागी. मात्र भावाच्या जबाबात मी सुट्टीची गोष्ट शब्दन् शब्द लिहून घेतली आणि मालकालाही ठाण्यात बोलावून त्याचा जबाब घेतला. मालक घुश्शातच आला होता. "माणूस बहिणीच्या मोजणीला एक दिवस मागतो आणि तुम्ही देत नाही?" मी विचारलं. पुढे भोरच्या न्यायालयाने भावाला दंड करून, तंबी देऊन सोडलं. मालकाने त्याला कामावर ठेवलं, हेही सांगितलं पाहिजे.

बहिणीला मीच जाऊन सांगितलं. ती अंगणात शेण्या थापत होती. सगळं ऐकलं, हात तसेच भरलेले ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "येडं हाय ते. लहानपनापासनं माझ्या मागं मागं." आणि हात पुसता पुसता, "सायेब, मग आबांनी काय केलंच नव्हतं की. आन् मी त्यांचं नाव कागदावर घातलं." कागद तिचा होता, पण जीप माझी होती.

चौथी मोजणी वैशाखाच्या शेवटी झाली. भाऊ एस.टी.ने आला आणि चहाची किटली डोक्यावर घेऊन चालत बांधावर आला. त्याला बघून लोक हसले, तोही हसला. मशीन एका झटक्यात लागलं. मोजणीदार काठी घेऊन पुढे, त्याच्यामागे पंच, हवालदार बाई वही घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे मी. आबा आपल्या रानात उभे, दोन्ही मुलगे शेजारी. मोजणीदार खुणा करत करत विहिरीपाशी आला, थांबला, पुन्हा एकदा आकडे तपासले आणि चुन्याची फक्की ओढली. ती रेघ विहिरीच्या बाईकडच्या काठावरून गेली. सबंध विहीर आबांच्या हद्दीत.

बाई होती तिथेच खाली बसली. भावाच्या हातात चहाचा कप होता, तो तसाच राहिला. आबांचा थोरला मुलगा धाकट्याकडे बघून हसला, आणि ते हसू माझ्या नजरेतून सुटलं नाही. मनात म्हटलं, एवढी उठाठेव करून आपण हिचं पाणी तोडलं.

तेवढ्यात आबा पुढे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"आता कळलं का सायेब, मोजणी का नको व्हती?"

मला कळलं नाही. मी तसंच सांगितलं.

"ही हीर म्या आन् हिच्या मालकानं खांदली. दोघांनी. त्यो आत, म्या वर. म्या आत, त्यो वर. दगड लागला तवा त्याच्या पायाचं बोट गेलं हितं. हीर माझ्या रानात पडती हे आमाला दोघांनाबी ठावं व्हतं. झरा हितं व्हता, मग हितंच खांदायची की. दोघांत कशाला लागतोय कागद? त्यो गेला. मोजणी झाली की माझी पोरं काय करतील हे मला ठावं व्हतं. म्हनून नको म्हनत व्हतो. वायर तोडली ह्यानं," त्यांनी थोरल्याकडे बोट केलं, "आन् जोडली म्या."

"मग त्या दिवशी ठाण्यात का बोलला नाहीत?"

"हा शेजारी बसला व्हता न्हवं? हीर आपल्या रानात हाय म्हनून माझ्या तोंडनं ऐकलं असतं, तर सांजच्याला पंप भायेर काढला असता."

मी तिथे उभ्या उभ्या लाल झालो. संशयिताला वेगळं बसवून एकट्याला विचारायचं, हे मी नव्या फौजदारांना शिकवायचो. आबांच्या बाबतीत मुलगा दिवसभर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि मला ते खटकलंसुद्धा नाही. कारण माझ्या मनाने निकाल आधीच दिला होता.

आबा मुलांकडे वळले. आवाज चढवला नाही. "सातबारा अजून माझ्या नावावर हाय. हिरीत निम्मा हिस्सा हिचा. आज लिवून देनार. गाव हाय, पोलीस हायेत, मोजणीवालं सायेब हायेत. कुनाला काय बोलायचं आसंल तर आत्ता बोला." थोरला खाली बघू लागला. बाई उठून आबांच्या पायाशी वाकली तर ते तिला म्हणाले, "ऊठ पोरी. च्या दे आधी, थंड झाला."

चहा झाला. मी आबांना म्हणालो की चला, तलाठ्याकडे मी स्वतः नेतो. त्यांनी जीपकडे बघितलं. मी मागचं दार उघडायला गेलो तर म्हणाले, "मागं न्हाई बसनार."

मी त्यांना पुढे बसवलं आणि गाडी स्वतः चालवायला घेतली. वाटेत म्हणालो, "आबा, माझं चुकलं."

"व्हय," ते म्हणाले. "चुकलंच."

गाव आलं. पारावर तीच माणसं, नळावर त्याच बायका. मी सवयीने गाडी जोरात काढत होतो. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आस्ते घ्या सायेब. त्या दिवशीबी समद्यांनी बघितलं, आजबी बघू द्यात." मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. आबा टोपी सरळ करून ताठ बसले होते, आणि गाव संपेपर्यंत मी गिअर बदलला नाही.

तलाठ्याने सांगितलं की नुसत्या अर्जाने भागणार नाही, दस्त नोंदवावा लागेल. पुढच्या आठवड्यात तोही झाला आणि बाईच्या हिश्शाची नोंद सातबाऱ्यावर चढली.

आता मी भोरला असतो. लोक विचारतात, नोकरीत काय शिकलात? उपग्रहाचा संदेश एका डबीने बंद पडतो आणि त्याने दूरच्या एखाद्याचा जीव टांगणीला लागू शकतो, हे मी या केसमध्ये शिकलो. पण ते कुणीही तंत्रज्ञ मला शिकवू शकला असता. मशीनने बोटभराच्या फरकाने खरं सांगितलं आणि ते खरं ऐकून एक बाई जमिनीवर बसली. तिला उठवायला जे लागलं ते मशीनजवळ नव्हतं, ते सत्तरीच्या एका माणसाने पोटात दाबून ठेवलं होतं, आणि मी त्याला त्याबद्दल दिवसभर बाकावर बसवलं. ठाण्याच्या दैनंदिनीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे: शेजारी इसमास चौकशीकामी बोलावले, सायंकाळी सोडले. चुकीचा माणूस बोलावला, असं लिहायला तिथे रकाना नसतो. म्हणून इथे लिहिलं.